बोअर कुठे घ्यायचा आणि कुठे थांबवायचा

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर हे गाव आहे. बारवांचे गाव अशी त्याची ख्याती. त्यांतील एक बारव तर अशी, की तिच्या पायऱ्या गोल भिंतीला धरून चक्राकार खाली उतरतात. वर्षानुवर्षे ती गाळाने व झाडोऱ्याने भरलेली होती. अलीकडे गावकऱ्यांनीच कंबर कसून गाळ उपसला, तेव्हा लांबलांबची माणसे ती पाहायला येऊ लागली.

बारवेच्या घडणीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात आम्ही भर घालत नाही. आमचा सवाल साधा आणि धंद्याचा आहे. विहीर हाताने खणणाऱ्याला प्रत्येक हातावर काय लागले ते डोळ्यांनी दिसत होते. ओल कोणत्या बाजूने आली, मुरूम कुठे संपला, पाषाण कुठे सुरू झाला, हे पाहूनच तो खाली जात असे. दगडी बांधकाम नंतर चढे. आज त्याच शिवारात आणि साऱ्या मराठवाड्यात पाण्यासाठी जे भोक पाडतात ते साडेसहा इंचांचे असते. आत काय आहे ते शेतकऱ्यालाही दिसत नाही आणि गाडीवाल्यालाही नाही.

आमच्या वाचक बांधवांपैकी अनेकांची रोजी-रोटी या भोकाशी बांधलेली आहे. कोणी बोअरच्या गाडीवर आहे, कोणी केसिंगचे पाईप विकतो, कोणी मोटरची वाइंडिंग करतो, कोणी वेल्डिंग. म्हणून जगात असाच आंधळा बोअर मारणारा जो सर्वांत मोठा धंदा आहे, त्या तेलवाल्यांचे काम कसे चालते हे पाहणे उपयोगाचे ठरेल.

आधी एका रात्रीची हकीकत. सेलूच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात बोअर लागला होता, तिथे आम्ही उभे होतो. पाणाड्याने नारळ तळहातावर उभा करून जागा दाखवलेली. चाळीस फुटांच्या आसपास चुरा ओलसर आला, रंगही बदलला. पण गाडीवाल्याने कठीण खडक लागेपर्यंत साठ फूट केसिंग उतरवले आणि ती ओल पाईपामागे बंद झाली. दोनशे फुटांवर शेतकरी थांबू म्हणाला, तर एजंट म्हणाला, "मामा, आणखी शंभर टाकू, पाणी खालीच हाय." शेतकरी म्हणाला, "बघा भाऊ, तुम्ही म्हणाल तसं." चारशे दहा फुटांवर पहाट झाली. धुरळ्याशिवाय काही आले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारले की कोणत्या फुटावर काय लागले होते, तर सांगणारा कोणी नव्हता. चुरा फावड्याने ओढून बांधावर टाकला होता. त्या माणसाचे उसने पैसे गेले ते गेलेच, वर त्या पैशांतून जी माहिती मिळाली होती तीही मातीत गेली.

आता समुद्राकडे येऊ. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर 'बॉम्बे हाय' हे तेलक्षेत्र आहे. तिथे पहिली विहीर 'सागर सम्राट' या समुद्रतळावर पाय रोवून उभ्या राहणाऱ्या रिगने १९७४ च्या जानेवारीअखेर सुरू केली आणि फेब्रुवारीत तेल लागले. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण बिट समुद्रतळाला टेकण्याआधीची दहा वर्षे फारशी कोणाला ठाऊक नाहीत. १९६४ पासून एका रशियन सर्वेक्षण जहाजाच्या मदतीने त्या पाण्याखालची पाहणी झाली होती. पाण्यात आवाजाचे हादरे सोडायचे, ते खालच्या थरांवरून परत येतात तेव्हा त्यांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून थरांचा उंचवटा ताडायचा, असे ते काम. म्हणजे भोक पाडण्याआधी जागा ठरवण्यातच वर्षे आणि पैसा गेला. तेलवाल्यांच्या हिशेबात हा खर्च वाया जाणारा नसतो.

भोक पडू लागल्यावरही त्यांची नजर हटत नाही. आपल्या गाडीवर हॅमरला कॉम्प्रेसरची हवा जाते आणि चुरा हवेनेच वर उडतो. त्यांच्याकडे हवेऐवजी चिखलाचे दाट मिश्रण रॉडमधून खाली सोडतात. ते बिट थंड ठेवते, आतला दाब आवरते आणि चुरा घेऊन वर येते. वर चाळणीवर चुरा वेगळा होतो. तो धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, खोली लिहिलेल्या पिशवीत भरला जातो. हजारो फुटांवरून चुरा वर यायला बराच वेळ लागतो, म्हणून हातात आलेला चुरा नेमका कोणत्या खोलीचा हाही हिशेब मांडावा लागतो. आपल्या बोअरमध्ये हवा चुरा लगेच वर आणते, हा हिशेब जवळजवळ नाहीच. आपले काम त्यांच्यापेक्षा सोपे आहे, तरी आपण ते करत नाही.

मग बिट वळवण्याची करामत. बिटच्या मागे किंचित वाकडी केलेली एक मोटर बसवतात. चिखलाच्या जोरानेच ती फिरते आणि बिटला हवा तसा तिरका रोख देते. तिच्यामागे मापयंत्रे असतात. भोक किती अंशांनी कलले, कोणत्या दिशेला चालले, भोवतीच्या खडकातून निसर्गतःच निघणारे किरण किती, विजेला त्याचा विरोध किती, हे सारे ती मोजतात. ही खबर वर येते कशी? तार नसते. यंत्र चिखलाच्या दाबात बारीक ठोके पाडते आणि वर बसलेला माणूस ते ठोके वाचतो. चिकणमातीच्या खडकात किरण जास्त, स्वच्छ चुनखडीत कमी. खारे पाणी असेल तर विजेला विरोध कमी, तेल असेल तर जास्त. एवढ्या खुणांवर ते काही मीटर जाडीचा थर धरून शेकडो मीटर आडवे जातात. यंत्रे बिटच्या मागे असतात, त्यामुळे बिट पुढे निघून गेल्यावर खडकाची ओळख पटते. बैलगाडीत पाठमोरे बसून रस्ता ओळखावा तसाच हा प्रकार आहे.

इथे धंद्याची एक बाब आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. तेलाच्या विहिरीवर रिगचे भाडे बहुतेक करून दिवसावर ठरते आणि विहीर कुठे थांबवायची हे मालक कंपनीचा जाणकार ठरवतो. आपल्याकडे मजुरी फुटावर आहे. खोली वाढली की फुटाचा दरही टप्प्याटप्प्याने वाढतो. आणि थांबायचे की नाही याचा सल्ला शेतकरी कोणाला विचारतो? ज्याला प्रत्येक फुटामागे पैसे मिळतात त्यालाच. यात गाडीवाला बेइमान आहे असे आम्ही म्हणत नाही. डिझेल, रॉडची झीज, बिटाची बटणे, कामगारांचा पगार त्यालाही आहेच. पण सौदाच असा बांधलेला आहे की इमानदार माणसाचाही सल्ला खालच्या दिशेने झुकतो.

खाली गेले म्हणजे पाणी लागतेच का? आपली जमीन काळ्या पाषाणाची, लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेली. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र असतो, त्याला आपण मांजऱ्या म्हणतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल गेरूचा पट्टा सापडतो. थराच्या पोटात अखंड पाषाण. पाणी राहते ते झिजलेल्या मुरमात, मांजऱ्यात, फटींत आणि थरांच्या सांध्यात. अखंड पाषाणात हॅमर कितीही चालवला तरी धुरळाच येणार. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल भोक घेऊन खडकाचे सळईसारखे नमुने सलग बाहेर काढले. तिथे काळा पाषाण ३३८ मीटरवर, म्हणजे सुमारे अकराशे फुटांवर संपला. त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन स्फटिकी खडक. 'खाली समुद्र आहे' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

जागा ठरवायला तेलवाल्यांचेच एक हत्यार आपल्याकडेही चालते. फ्रान्समधील श्लुंबर्जे बंधूंपैकी थोरल्याने १९१२ च्या सुमारास जमिनीत सळया ठोकून, वीज सोडून, खालच्या खडकाचा विरोध मोजण्याचे प्रयोग सुरू केले. १९२७ मध्ये त्यांच्या माणसांनी पेशेलब्रॉन येथील तेलविहिरीत तेच यंत्र उतरवले आणि तिथून तेलविहिरींची विद्युत पाहणी सुरू झाली. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आणि खासगी जाणकार जमिनीवर चार सळया ठोकून जी चाचणी घेतात ती याच घराण्यातली. ती पाण्याची हमी देत नाही. झिजलेला थर किती जाड आहे याचा अंदाज देते. नारळापेक्षा हा अंदाज बरा, असे आमचे मत आहे. पाणाड्यांवर आमचा राग नाही, त्यांतले काही शिवार चांगले ओळखतात. पण त्यांचे चुकलेले बोअर कोणी मोजत नाही. जमिनीखालचे पाणी शोधणे ही हिशेबाची विद्या आहे, हे काही युरोपनेच प्रथम सांगितले असेही नाही. अकराव्या शतकात गणिती अल-करजी यांनी गुप्त पाणी बाहेर काढण्यावर अरबीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि भुयारी कालव्याची पातळी काढण्याची साधने त्यात वर्णन केली.

चाचणी परवडत नसेल तर शेजारच्या उघड्या विहिरीत उन्हाळ्यात डोकावून झरा कोणत्या थरातून येतो ते पाहावे. त्याला पैसे पडत नाहीत.

गाडी लागल्यावर दर दहा फुटांचा मूठभर चुरा ओळीने मांडावा, त्यावर फूट लिहावेत, ओल कुठे आली, हॅमरचा आवाज कुठे बदलला ते वहीत टिपावे. ओल वरच आली असेल तर केसिंग किती उतरवायचे याचा विचार तिथेच करावा. त्या जागी छिद्रे पाडलेला पाईप घालता येतो. पाण्याचे मापही समजून घ्यावे. गाडीवाले त्रिकोणी खाचेच्या पत्र्यावरून 'एक इंच', 'दोन इंच' सांगतात. काटकोनी खाचेतून एक इंच म्हणजे तासाला सुमारे ५०० लिटर, आणि दोन इंच म्हणजे सुमारे २,९०० लिटर. दुप्पट नव्हे, साडेपाच पटींहून जास्त. मोटर विकणाऱ्याने हे न विचारता मोटर दिली की ती कोरडी चालून जळते आणि बोल दुकानदाराला लागतो. तेलवाले मुद्दाम भोक वाकवतात, आपले नकळत वाकते. मोटर उतरवण्याआधी तिच्याहून थोडा जाड, वीस फुटांचा सरळ पाईप दोराने सोडून पाहावा. तो अडकला तर मोटरही अडकणार.

कायद्याची बाजूही आहे. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमात शेतीसाठी व उद्योगासाठी ६० मीटरहून, म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून खोल विहिरीला मनाई आहे आणि बोअरच्या गाडीची नोंदणी सक्तीची आहे. आम्ही पाहिलेला चारशे दहा फुटांचा बोअर त्यात बसत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये घालून दिलेल्या नियमांप्रमाणे बोअरच्या तोंडावर लोखंडी झाकण पक्के बसवणे आणि निकामी भोक तळापासून वरपर्यंत भरणे बंधनकारक आहे. झाकण बसवणे हे आमच्या वेल्डर भावांचे काम. मुले त्या भोकांत पडलेली आहेत, त्यामुळे ते उद्यावर ढकलू नये.

शेवटी पाईपच्या दुकानदारांशी थोडे. केसिंग कठीण खडकापर्यंतच जाते. म्हणजे एखाद्या शेतात किती फूट केसिंग लागले, हा आकडा त्या जागी झिजलेला थर किती जाड आहे ते सांगतो. असे शेकडो आकडे तुमच्या बिलबुकांत गावाच्या नावासह पडून आहेत. सेलू, मानवत, जिंतूरच्या चार दुकानांनी जुनी बिले रद्दीत न घालता गावनिहाय एका वहीत उतरवली, आणि पाईप नेणाऱ्याकडून पाणी किती फुटांवर लागले किंवा नाही लागले ते विचारून समोर लिहिले, तर दोन-तीन हंगामांत अशी वही तयार होईल की बोअर घेणारा आधी नारळवाल्याकडे न जाता तुमच्या गल्ल्यापाशी येईल. पाईपही तिथूनच नेईल.