शाळेच्या ताटाला हॉटेलचा वार

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ याच्या कलम ५ नुसार सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांना सुट्टीचे दिवस वगळता दररोज एक मोफत, शिजवलेले जेवण मिळणे हा त्यांचा हक्क आहे. हक्क एकदा मान्य झाला की दानाची जागा कोणती, हा प्रश्न उरतोच. कारण जगभर अनेक उपाहारगृहांनी धर्मादाय संस्थांशी हात मिळवून भुकेल्या मुलांच्या शालेय जेवणासाठी पैसा उभा केला आहे, आणि बीड जिल्ह्यातील गेवराईसारख्या तालुक्यात तसे व्हावयाचे असेल तर ते कोणत्या वाटेने व्हावे, हे आधीच ठरवून घेणे आवश्यक आहे.

अशा भागीदारीचे सर्वांत साधे रूप म्हणजे 'ताटामागे ताट'. जपानमध्ये २००७ साली सुरू झालेल्या 'टेबल फॉर टू' या उपक्रमात कंपन्यांच्या उपाहारगृहांत आणि खाद्यगृहांत विकल्या जाणाऱ्या ठराविक जेवणामागे वीस येन बाजूला काढले जातात आणि ती रक्कम गरीब देशांतील एका शालेय जेवणाचा खर्च म्हणून पाठवली जाते. मुंबईच्या इराणी हॉटेलांची आठवण जपत २०१० साली लंडनमध्ये उघडलेल्या 'दिशूम' या उपाहारगृहाने २०१५ पासून प्रत्येक जेवणामागे एका मुलाच्या जेवणाचा खर्च देण्याची पद्धत ठेवली असून त्यातील भारताचा वाटा 'अक्षय पात्र' या संस्थेकडे जातो. ही संस्था २००० साली बंगळुरूमधील पाच शाळांतील दीड हजार मुलांपासून सुरू झाली. या दोन्ही उदाहरणांत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की उपाहारगृह मुलांसाठी स्वतः अन्न शिजवत नाही. ते आपल्या रोजच्या विक्रीतून एक छोटा, ठरलेला आणि न चुकणारा वाटा काढते, आणि शिजवण्याचे काम ज्यांचे आहे त्यांच्याकडे तो पोहोचवते.

मराठी समाजाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. शिक्षणासाठी परगावी राहणाऱ्या गरीब विद्यार्थ्याने आठवड्याचे सात दिवस सात घरी वाटून जेवण्याच्या प्रथेला 'वार लावणे' म्हणत असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी ती व्यवस्था असे. या प्रथेला जातीची कुंपणे होती आणि तिचा लाभ बहुतांशी ब्राह्मण मुलांपुरता मर्यादित राहिला, हे सांगितल्याशिवाय तिचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शाळेच्या ओसरीवर सर्व जातींची मुले एका पंगतीत बसतात, हे आजच्या शालेय भोजनाचे जुन्या वारापेक्षा श्रेष्ठ असे अंग आहे. तरीही त्या प्रथेत एक शहाणपण होते: कोणत्याही एका घरावर सगळा भार पडत नसे, आणि आपला वार कोणता हे त्या घराला पक्के ठाऊक असे. हॉटेलांच्या मदतीला हाच नियमितपणा हवा आहे. वाढदिवसाला एकदा वाटलेल्या जिलबीने मुलाचा एक दिवस गोड होतो. दर बुधवारी मिळणाऱ्या अंड्याने त्याचे वर्ष सुधारते.

गेवराई तालुक्यात हा विचार करताना ऊसतोडीचा हंगाम बाजूला ठेवून चालत नाही. तालुक्याच्या उत्तर सीमेवर गोदावरी वाहते आणि गोदाकाठी ऊसही उभा असतो. पण बीड जिल्ह्यातील इतर तालुक्यांप्रमाणेच येथील अनेक कोरडवाहू कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात आणि अशा कोयत्यांची मिळून टोळी होते. मूल टोळीबरोबर गेले तर त्याचे शालेय वर्ष मध्येच तुटते आणि शाळेबरोबर दुपारचे जेवणही सुटते, कारण हे जेवण शाळेच्या हजेरीशी बांधलेले आहे. फडावर लहान भावंडाला सांभाळत बसलेल्या मुलीचे नाव गावच्या हजेरीपटावर असले तरी तिच्यापर्यंत ते जेवण पोहोचत नाही. मूल गावातच आजी-आजोबांकडे थांबले तर दुपारची सोय होते, पण सकाळ आणि रात्र त्या थकलेल्या घरावर पडते. यासाठीच शासनाने 'हंगामी वसतिगृह' ही योजना ठेवली आहे. स्थलांतरित पालकांच्या मुलांना हंगामापुरते गावातच, शाळेच्या देखरेखीखाली, राहण्या-जेवण्याची सोय करून देणे हा तिचा हेतू आहे. जवळच्या शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी उभारलेल्या 'शांतिवन' या संस्थेने ऊसतोड कामगारांच्या आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना आसरा आणि शिक्षण देऊन या जिल्ह्यात लोकाश्रयावर काय उभे राहू शकते, हे दाखवून दिले आहे. हॉटेलचालकांच्या मदतीची खरी निकड जर कोठे असेल तर ती या पाच-सहा महिन्यांत, सकाळच्या न्याहारीत आणि रात्रीच्या जेवणात आहे.

दुपारच्या जेवणातही उणीव आहेच. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण, म्हणजे पूर्वीचा शालेय पोषण आहार, या योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्यासह ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्यासह ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. धान्य केंद्राकडून येते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी मे २०२५ पासून दर दिवशी मुलामागे अनुक्रमे ६ रुपये ७८ पैसे आणि १० रुपये १७ पैसे असा दर आहे. एवढ्या रकमेत डाळ दाट ठेवणे ही स्वयंपाक करणाऱ्या बाईची रोजची कसरत असते. महाराष्ट्राने २०२३ च्या अखेरीस आठवड्यातून एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यास केळे, देण्यास सुरुवात केली होती. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्यासाठीचा निधी थांबवला आणि अंडे द्यावयाचे असल्यास लोकसहभागातून द्यावे, असे शाळांवर सोपवले. शासनाने घेतलेला हा निर्णय चुकीचा आहे आणि तो बदलला पाहिजे, ही मागणी लावून धरणे योग्यच आहे. मात्र तो बदलेपर्यंत मुलांची वाढ थांबून राहत नाही.

लोकसहभागाची अधिकृत वाट योजनेतच आहे. गुजरातमध्ये 'तिथीभोजन' नावाने रूढ झालेली आणि महाराष्ट्रात 'स्नेहभोजन' म्हणून ओळखली जाणारी ही तरतूद गावातील व्यक्तीला किंवा संस्थेला शाळेच्या जेवणात आपली भर घालण्याची मुभा देते. ही भर नेहमीच्या जेवणाला पूरक असावी, त्याच्या जागी नसावी, हे तिचे मूलतत्त्व आहे. हॉटेलने पैसे दिले म्हणून त्या दिवशीच्या डाळीला कात्री लागली, तर मुलाच्या पदरात काहीच वाढ पडत नाही.

उरलेल्या अन्नाचा प्रश्न येथे स्पष्टपणे वेगळा ठेवला पाहिजे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आणि मुंबईत 'रोटी बँक' या नावाने चाललेल्या उपक्रमांनी घराघरांतील, हॉटेलांतील व समारंभांतील चांगले अन्न भुकेल्यांपर्यंत नेले, आणि ते काम मोलाचे आहे. शाळेसाठी मात्र हा मार्ग टाळलेला बरा. बिहारमधील सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये कीटकनाशकाने दूषित झालेले शालेय भोजन खाऊन २३ मुले दगावली. जेवण वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेऊन पाहावी, असा नियम आहे. पण चार तास महामार्गावरच्या उन्हात फिरून आलेल्या पातेल्याची ग्वाही चवीने देता येत नाही. शिवाय आदल्या रात्रीचे उरलेले मुलांसमोर ठेवण्यात त्यांच्या मानालाही धक्का बसतो.

हॉटेलकडे देण्याजोगे दुसरे बरेच असते: रोजचा रोख गल्ला, घाऊक खरेदीचा भाव आणि माल वेळेवर पोहोचवणारी माणसे. सोलापूर-धुळे महामार्ग गेवराईतून जातो आणि त्यावरच्या प्रवाशांच्या जेवणावर येथील हॉटेले चालतात. एखाद्या हॉटेलात दिवसाला १५० ताटे जातात असे गृहीत धरले, तर आठवड्याला १,०५० ताटे होतात. साठ मुलांच्या शाळेला आठवड्यातून एकदा प्रत्येकी एक अंडे द्यावयाचे आणि अंड्याचा भाव सात रुपये धरावयाचा, तर खर्च ४२० रुपये येतो, म्हणजे ताटामागे अवघे चाळीस पैसे. ही रक्कम मालकाने आपल्या नफ्यातून द्यावी, हे सर्वांत स्वच्छ. ग्राहकाकडून घ्यावयाची असेल तर ती विचारून घ्यावी, बिलात परस्पर मिळवू नये. सेवाशुल्क आपोआप आकारू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये बजावले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले, आणि सेवाशुल्काला जो न्याय लागू झाला तोच दानालाही लावणे उचित आहे. रोख रकमेऐवजी वस्तूच दिली, तर हिशेब आणखी सोपा होतो: किती अंडी आली आणि किती मुलांनी खाल्ली, एवढे फळ्यावर लिहिले की गावाला दिसते.

यात धर्मादाय संस्थेचे काम देणारा आणि शाळा यांना जोडण्याचे, वार वाटून देण्याचे आणि एखादा वार चुकला तर दुसऱ्याकडून तो भरून घेण्याचे आहे. निर्णयाचे काम शाळा व्यवस्थापन समितीचे आहे, आणि कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ऊसतोडीला जाणारे पालकही त्यांत असू शकतात, पण हंगाम सुरू झाला की ते बैठकीला येऊ शकत नाहीत. म्हणून गेवराईतील हॉटेलचालकांना आणि मुख्याध्यापकांना एवढीच विनंती आहे की कोणत्या हॉटेलने कोणत्या शाळेचा कोणता वार घ्यावयाचा, हे टोळ्या गाव सोडण्यापूर्वीच्या बैठकीत, त्या आईबापांच्या समोर ठरवावे.