मेशुगाचं गणित: चार मोजा, बाकी सोडून द्या

प्रोग मेटल म्हटलं की लोक आधी विचारतात, 'मात्रा कशा मोजायच्या?' मेशुगापुरतं सोपं उत्तर आहे: चार मोजा. उमेओ या स्वीडिश गावातला, 1987 पासूनचा हा बँड ऐकताना वाटतं तितका आडमुठा नाही. ड्रमर टॉमस हाकेचा हात झांजेवर सरळ चारची चाल धरून असतो. गंमत त्याच्या पायांत आहे, ते गिटारबरोबर पळतात.

समजा रिफ 25 सोळांश मात्रांचा आहे. चारच्या आठ आवर्तनांत अशा मात्रा भरतात 128. रिफ पाच वेळा वाजला की 125 संपतात, उरतात तीन. तेवढा तुकडा वाजवून रिफ तोडायचा आणि सगळ्यांनी मिळून समेवर यायचं! तिहाईला दाद देणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको.

सुरुवात 'ओबझेन' (2008) या अल्बमपासून करा. त्यातल्या 'ब्लीड'मध्ये फक्त डबल बासकडे कान ठेवा, गाण्याकडे दुसऱ्या खेपेला बघू. मग 'नथिंग'. तो 2002 चा, पण 2006 मध्ये आठतारी गिटारवर रिफ पुन्हा वाजवून त्यांनी तो नव्याने काढला. मला हाच जास्त आवडतो, जुन्याचे भक्त भांडतील तर भांडोत. गुरगुरणारा आवाज झेपत नसेल तर तोही तालवाद्य समजून ऐका, कारण त्यात सूर शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका राव, खर्ज सगळा गळून जातो.