डॉलर जिल्ह्यात उतरतो कसा?

2024-25 मध्ये देशात आलेल्या थेट परकीय समभाग गुंतवणुकीत एकट्या महाराष्ट्राचा वाटा 39 टक्के होता. आकडा भाषणात शोभतो. त्यातले मराठवाड्यात किती उतरले, असे विचारले की मात्र पंचाईत होते, कारण केंद्राच्या नियमित तक्त्यांत राज्याच्या खाली रकानाच नाही. ऑक्टोबर 2019 पूर्वी तर राज्याचा हिशेबही धड नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयांनुसार नोंद होई आणि मुंबई कार्यालयाच्या खात्यात महाराष्ट्राबरोबर दमण-दीव, दादरा-नगर हवेलीही मोडत.

तेव्हा तक्ते मिटून एखाद्या जिल्ह्याची एमआयडीसीच पाहावी. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे त्यासाठी उत्तम ठिकाण. बंदर नाही, राजधानी नाही, पाऊस बेभरवशाचा.

मागास भागात उद्योग न्यावेत म्हणून राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून चालू आहे. तालुक्यांची ए ते डी प्लस अशी प्रतवारी, जितका तालुका मागे तितकी सवलत जास्त. मात्र हीच सवलत मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांनाही होती आणि तिथले कितीतरी प्लॉट गवत वाढवत पडले. शहराजवळच्या वाळूजचे नशीब फिरले ते 1985 मध्ये, बजाज ऑटोचा कारखाना आला तेव्हा. बजाजला सुटे भाग लागत, म्हणून भोवती व्हेंडर उभे राहिले. त्याच वर्षी दोन डायकास्टिंग मशीनवर सुरू झालेल्या एन्ड्युरन्सचे कारखाने आज इटली आणि जर्मनीतही आहेत. इथल्याच व्हॅरॉकने 2012 मध्ये व्हिस्टिऑन या अमेरिकी कंपनीचा दिव्यांचा व्यवसायच विकत घेतला. पुढे 2022 मध्ये त्यातला युरोप-अमेरिकेतला भाग विकून टाकला, ते असो. परकीय गुंतवणुकीची चर्चा आपण नेहमी ‘येणाऱ्या’ पैशाची करतो. वाळूजहून पैसा बाहेरही गेला.

या व्हेंडरांच्या शेडमधल्या फिटर, टर्नर, डाय घडवणाऱ्या कारागिरांच्या जिवावर पुढची पाहुणी मंडळी आली. इंडो-जर्मन टूलरूमने त्यात शिकलेली पोरे घातली. 2001 मध्ये शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यातून ऑक्टाव्हिया बाहेर पडली आणि गावाला वाटले, आता मोटारींचे शहर होणार. पण इथे होत होती मुख्यतः जोडणी; भाग येत युरोपातून. त्याच समूहातल्या फोक्सवॅगनने 2009 मध्ये पत्रा दाबण्यापासून गाडी घडवणारा मोठा कारखाना सुरू केला तो चाकणला. पुण्याचे पुरवठादार आणि जवळचे बंदर यांच्यापुढे शेंद्रा कमी पडला, असे मला वाटते. पहिला कारखाना येणे ही अर्धीच बातमी असते. तीच कंपनी दुसऱ्यांदा कुठे जाते ते पाहावे.

2010 मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम दीडशेच्या आसपास मर्सिडीज खरेदी केल्या, त्या गाजल्या. उधळपट्टी म्हणून नाके मुरडली गेली. मला ती कुठल्याही सरकारी जाहिरातीपेक्षा सरस जाहिरात वाटते.

त्यानंतर आले ऑरिक : शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे 10,000 एकर, दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरचा भाग. वीज-पाण्याच्या वाहिन्या आधीच जमिनीखाली घातलेल्या. कोरियाच्या ह्योसंगने तिथे स्पॅन्डेक्सचा धागा काढायला सुरुवात केली. रस्त्याची अडचण समृद्धी महामार्गाने सोडवली. त्याचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. पाण्याची राहिली. शहर आणि कारखाने दोन्ही जायकवाडीवर, आणि त्या धरणात पाणी किती यायचे यावरून नाशिक-नगरशी दर दुष्काळात भांडण. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेव्हा गुंतवणूकदाराच्या माणसाला इथे बिऱ्हाड करायला कसे सांगणार?

31 जुलै 2024 रोजी टोयोटा किर्लोस्करने इथे इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांचा कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला : सुमारे 20,000 कोटी रुपये, 8,000 थेट नोकऱ्या. कंपनीचे जुने पुरवठादार कर्नाटकात, बिदादीच्या आसपास आहेत. ते इथे बस्तान हलवतील, की वाळूजच्या शेडना काम मिळेल? भाग इथलेच घ्या, अशी सक्ती करता येत नाही. 1997 मध्ये भारताने मोटार कंपन्यांना तीन वर्षांत 50 आणि पाच वर्षांत 70 टक्के देशी भागांची अट घातली होती. अमेरिका आणि युरोप जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि डिसेंबर 2001 मध्ये निकाल आपल्याविरुद्ध लागला. शेंद्र्यात ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली तेच हे वर्ष. बॅटरी आणि मोटर कंट्रोलरचे काम शिकवणारी दुसरी टूलरूम बिडकीनला काढायला मात्र कोणत्याही कराराची आडकाठी नाही.