आखूड दांडीचा तंबोरा

प्रथम वर्षाला संगीत हा विषय घेतला, तेव्हा तंबोरा हे एकाच मापाचे वाद्य असते अशी माझी समजूत होती. आमचे गाव अहमदपूर तालुक्यातले. तिथे तारेचे वाद्य म्हणजे सप्त्यातली वीणा. ती वडील घेतात. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, हा नियम. वडिलांना सहीपुरतीच अक्षरे येतात, पण वीणा जराशी उतरली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तेव्हा तंबोरा घ्यायचा ठरला तेव्हा विचारायचे कुणाला, हाच मोठा प्रश्न होता. विचारून, वाचून आणि पैसे घालवून जे कळले ते येथे मांडते.

माझी अडचण दुहेरी आहे. उंची चार फूट दहा इंच आणि आवाज ढाला. मुली साधारणपणे काळी चार ते काळी पाचमध्ये गातात. माझा षड्ज पांढरी तीनवर बसतो. एका शिबिरात ‘ही मुलींची पट्टी’ असे सांगून मला आठ दिवस काळी चारमध्ये गायला लावले. नवव्या दिवशी मला धड बोलताही येईना. पुढे वाचनात आले की गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर खाली आला आणि त्याच भरदार आवाजात त्या आयुष्यभर गायल्या. त्या दिवसापासून मी माझी पट्टी सोडली नाही. पण पट्टी खालची म्हटली की तंबोरा लांब हवा, आणि लांब तंबोरा माझ्या मांडीवर मावत नाही.

हे असे का, ते आधी पाहू. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, ताण आणि तारेचे वजन. लांबी कमी केली की स्वर चढतो, ताण वाढवला की चढतो, तार जाड केली की उतरतो. पुरुषांच्या तंबोऱ्यात घोडीपासून अटीपर्यंत, म्हणजे तारेचा जेवढा भाग प्रत्यक्ष बोलतो तेवढा, सुमारे एक मीटर असतो. बायकांच्या तंबोऱ्यात तो साधारण त्याच्या पाऊणपट. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची तार पाऊण लांबीची केली आणि ताण तोच ठेवला, तर ती काळी तीन बोलेल. तार थोडी बारीक घेतली की काळी चारही सहज गाठता येते. म्हणजे जनानी तंबोरा लहान असतो तो केवळ नाजूकपणासाठी नव्हे; तो वरच्या पट्टीसाठीच बांधलेला असतो.

आता माझ्यासारखीने तोच जनानी तंबोरा पांढरी तीनवर उतरवला तर काय होते? ताण सुमारे तीन-पंचमांश उरतो. तार लोंबते, छेडली की आधी स्वर चढा लागतो आणि मग खाली येतो, घोडीवर फडफडते. वर्गातल्या तंबोऱ्यावर मी हे पुरे सहा महिने ऐकले आहे.

यावर उपाय म्हणजे जाड तार. लांबी तीच ठेवून ताण पूर्ववत हवा असेल तर तार सव्वापट जाड लागते. मधल्या जोडाच्या पोलादी तारा सुमारे ०.३० मिलिमीटरच्या असतील, तर त्या जागी अडतीस शतांशाच्या आसपास जावे लागते. पण इथेही गोम आहे. आखूड आणि जाड तार ताठ होते. ती तारेसारखी कमी आणि सळईसारखी अधिक वागू लागते. तिचे वरचे उपस्वर आपल्या जागेवरून थोडे चढे सरकतात. इतर वाद्यांना हे चालून जाईल. तंबोऱ्याचा सगळा प्राणच उपस्वरांत आहे. घोडीचा माथा रुंद आणि किंचित गोलसर घासलेला असतो, तार त्यावर ओझरती टेकते, खाली सुताचा दोरा सरकवून ती जागा नेमकी साधायची. यालाच जवारी म्हणतात. जवारी लागली की खर्जाच्या तारेतून कुणी न लावलेला गंधार आपोआप ऐकू येतो. तो खर्जाचा पाचवा उपस्वर. ताठ तारेत तो गंधार मिळतच नाही असे नाही, पण आळसावल्यासारखा येतो.

माझा मामेभाऊ नांदेडला जयंतीच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. त्याला ही रड सांगितली तर तो हसून म्हणाला, ‘‘अगं, आमच्याकडे पण हेच हाय.’’ बेस गिटारची बोलती तार नेहमीच्या मापात ३४ इंच, आखूड मापात ३० इंच. फेंडर कंपनीने १९६१ मध्ये सहा तारांचा, ३० इंची बेस काढला. बोटांना तो सोपा, पण खालची तार ढिली पडते. म्हणून तिथे गाभ्यावर दुसरी तार गुंडाळलेली तार वापरतात. वजन वाढते, ताठपणा तेवढा वाढत नाही. एरवी त्याच्या ऑर्केस्ट्राचा आवाज मला सोसत नाही, पण ही युक्ती मात्र पटली. तंबोऱ्याच्या खर्जालाही अशी गुंडाळलेली तार काही जण लावतात. बाकी बहुतेक ठिकाणी खर्ज पितळी किंवा ब्राँझचा असतो. हे धातू पोलादापेक्षा जड, म्हणून तेवढ्याच जाडीत स्वर खाली जातो.

सहा तारांचा मोह मलाही झाला होता. गेल्या दिवाळीत एका शहरातल्या दुकानात सहा तारांचा, पांढऱ्या नक्षीचा, बुटका तंबोरा पाहिला. मालक म्हणाले, ‘‘तारा जास्त म्हणजे नाद जास्त.’’ मी दोन हजार विसार देऊन आले. घरी आल्यावर विचार केला. चार तारांत पंचम, जोड आणि खर्ज. सहामध्ये निषाद किंवा आणखी एक षड्ज मिळतो. भरणा होतो हे खरे आणि काही थोर गवई तसे तंबोरे घेतातही. पण सहा तारांचा ताण आखूड तबलीवर पडतो, घोडी रुंद, सहाही तारांची जवारी एकसारखी घासलेली हवी आणि गाण्याआधी सहा खुंट्या पिळायच्या. आमच्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून खुंट्या सटकतात (खडू लावावा), पावसाळ्यात फुगून हलत नाहीत. चार जुळवता जुळवता तास संपतो. मी नाही म्हणून कळवले. विसार परत मिळाला नाही. तो आईच्या बचत गटाच्या कर्जातला होता, म्हणून तो आकडा मला अजून टोचतो.

जानेवारीत वडिलांबरोबर मिरजेला गेले. लातूरहून गाडी कुर्डुवाडी, पंढरपूर करीत जाते. पंढरपुरात वडिलांनी खिडकीतूनच हात जोडले. २०१६ च्या एप्रिलमध्ये याच रुळांवरून मिरजेचे पाणी लातूरला आले होते. त्या उन्हाळ्यात लातूरच्या आत्याकडे आम्ही ते पाणी प्यालो आहोत. वडील म्हणाले, ‘‘मिरजेचं आपल्यावर एक ऋण हायेच.’’

मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे; संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयाने ते वाद्यांकडे वळले आणि घराण्याचे नावच पुढे सतारमेकर झाले. अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य इथलेच, आणि १९३७ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दरवर्षी गाणे होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळे मात्र पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात. हे ऐकल्यावर वडील त्या भोपळ्यांकडे निराळ्याच नजरेने पाहू लागले.

कारागिरांनी आधी मला गायला लावले आणि मग माप काढले. आतापर्यंतच्या एकाही दुकानदाराने हे केले नव्हते. त्यांनी काढलेला तोडगा मधला होता : जनानी घाटाचा तंबोरा, पण बोलती तार तेहतीस इंच. तीन इंच वाढले की तार सव्वापट जाड लागत नाही, एक-सप्तमांशाने जाड पुरते. खर्ज ब्राँझचा. भोपळा थोडा मोठा, कारण खालच्या स्वराला पोट लागते.

तयार असलेल्या तिनांतून निवड वडिलांनी केली. दांडीला डोळा लावून ती वाकलेली नाही ना पाहिले. दांडी आणि भोपळ्याच्या सांध्यावर, गळ्यापाशी, नखाने खरवडून भेग रंगाने बुजवलेली नाही ना पाहिले. भोपळ्यावर बोटाच्या पेराने टिचक्या मारीत गोल फिरले. एका भोपळ्याचा आवाज एकाच जागी बद्द आला, तो बाजूला ठेवला. मग तबलीवर हात ठेवून आपला सप्त्यातला ‘सा’ लावला आणि तळव्याला काय लागते ते पाहिले. कारागीर काम थांबवून बघत होते. शेवटी वडिलांनी साधा, नक्षी नसलेला तंबोरा पुढे सरकवला. बावीस हजार होते, त्यात बसला.

घेणाऱ्यांना एकच सूचना : दुकानात तारा त्यांच्या पट्टीत जुळवलेल्या असतात, तेव्हा प्रत्येक तंबोरा गोड लागतो. आपल्या पट्टीत उतरवून मगच ऐकावा, आणि निदान पाव तास ऐकावा. मोबाइलमधला तंबोरा रियाजाला वाईट नाही, मीही वर्षभर तोच वापरला. पण त्याला जुळवावे लागत नाही, आणि माझा कान जो थोडाफार तयार झाला तो जुळवतानाच.

लातूरहून नांदेडला तंबोरा एस.टी.ने आणला. प्रवासात तारा दोन-दोन सूर उतरवून ठेवाव्यात, आणि घोडीखाली फडके द्यावे. मागच्या बाकावर तो मी मांडीवर आडवा धरला, दांडी खिडकीबाहेर जाणार नाही इतकाच लांब. कंडक्टरने तिकिटाचे विचारले नाही. फक्त लोह्याजवळ येऊन म्हणाला, ‘‘पोरी, ही वीणा खाली ठेवत नसतेत ना?’’ मी नाही म्हटले आणि नांदेडपर्यंत ठेवला नाही.

जवारी अजून पुरती मोकळी झालेली नाही. पंचमाची तार दुपारी उतरते.