पेस्ट नवी, ताप जुनाच

गेमिंग लॅपटॉप तापतो म्हणून हौसेनं उघडला, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. तरी पहिल्याच गेमला पंखा मिक्सरसारखा ओरडू लागला. असं का?

पोळी तव्याला जिथे टेकते तिथे भाजते. खाली हवा राहिली की तेवढीच कच्ची. चिप आणि तिच्यावरची तांब्याची पट्टी यांचंही तसंच. दोन्ही गुळगुळीत दिसतात, पण बारीक खाचांमध्ये हवा दडलेली असते आणि तांबं हवेपेक्षा उष्णता सुमारे १५ हजार पट चांगली वाहून नेतं. पेस्टनं त्या हवेला हुसकावून तिची जागा घ्यायची, बस्स. तांब्यापुढे ती स्वतः फारच मंद वाहक. म्हणून भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवावा तशी थापली, तर मदतनीसच वाटेत आडवा येतो!

पट्टीच्या स्क्रूंकडेही लक्ष हवं. एक बाजू आधी आवळली की पट्टी तिरकी बसते. तिच्यावर बहुधा १, २, ३ असे आकडे असतात. त्या क्रमानं, थोडं थोडं आवळायचं.

कधी सुरुवातीला सगळं छान असतं आणि काही आठवड्यांनी ताप परततो. तापून फुगणं, निवून आकसणं या रोजच्या खेळात पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. अशा ठिकाणी घट्ट पेस्ट टिकते.

आणि पंख्यापुढच्या पातळ पत्र्यांत धुळीची गादी साचली असेल, तर बिचारी पेस्ट काय करणार? आधी तिथे ब्रश फिरवा.