गुलाबी थेंबाचा माग

सकाळी गाडी बाहेर काढली आणि पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा डाग दिसला. इंजिन ऑइल म्हणावं तर ते काळं. एसीचं पाणी म्हणावं तर ते बोटाला चिकटत नाही. हा डाग गुलाबी होता आणि चांगलाच बुळबुळीत. गाडी वीस वर्षांची, त्यामुळे डाग पडल्याचं नवल नव्हतं. पण गुलाबी?

रंग हीच पहिली साक्ष. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टीअरिंगमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच तेल घालतात आणि त्यात मुद्दाम लाल रंग मिसळलेला असतो, इंजिन ऑइलशी गल्लत होऊ नये म्हणून. बॉनेट उघडलं. लोणच्याच्या बरणीएवढ्या प्लॅस्टिकच्या टाकीतलं तेल खालच्या रेघेच्याही खाली गेलं होतं. वर दुधाला यावा तसा फेस. आणि स्टीअरिंग वळवलं की कुठूनतरी ‘कुंईऽऽ’.

हे तेल नेमकं करतं काय? ज्यांनी जुनी एसटी पाहिली आहे, त्यांना घाटातल्या वळणावर सीटवरून अर्धवट उठून चाक ओढणारा ड्रायव्हर आठवत असेल. ते सगळं बळ त्याच्या खांद्यातून यायचं. अमेरिकेत ट्रकच्या कारखान्यात काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरला हेच कष्ट खुपत होते. इंजिन एवढा प्रचंड जोर लावतंय, त्यातला चिमूटभर स्टीअरिंगला का देऊ नये? 1926 मध्ये त्याने तेलाच्या दाबावर चालणारं स्टीअरिंग गाडीत बसवून दाखवलं. लोक खूश झाले, पण ते महाग पडत होतं. मग मंदी आली, महायुद्ध आलं, आणि सर्वसामान्य गिऱ्हाइकाला पॉवर स्टीअरिंगची कार विकत घेता आली ती थेट 1951 मध्ये, क्रायस्लर इम्पीरियल. तोवर डेव्हिसच्या काही पेटंटांची मुदतही संपली होती!

आता त्या यंत्राच्या पोटात डोकावू. इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो टाकीतलं तेल ओढून दाबाने पुढे ढकलतो. दाब किती? गाडीच्या टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो. गाडी उभी असताना स्टीअरिंग पूर्ण वळवलं, तर या तेलाचा दाब 70-80 बारच्या घरात जातो. म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर सत्तर-ऐंशी किलोचा माणूस उभा! पुढे रॅकमध्ये, म्हणजे चाकं डावी-उजवी ढकलणाऱ्या दांड्यात, एक दट्ट्या असतो. समजा त्याचं क्षेत्रफळ 8 चौरस सेंटीमीटर, तर त्याला मिळणारा रेटा सहाशे किलोंच्या आसपास. आपण मात्र एका हाताने, फोनवर बोलल्यासारखं (बोलू नये, तरीही) चाक फिरवत असतो.

पण दट्ट्याला कळतं कसं, डावीकडे ढकलायचं की उजवीकडे, आणि किती? ना सेन्सर, ना चिप. स्टीअरिंगच्या दांड्यात एक बोटापेक्षा बारीक पोलादी सळई असते. आपण चाक वळवलं आणि रस्त्याने विरोध केला की ती पिळवटते. किती? दोन-चार अंश. तेवढ्या पिळाने तेलाची एक वाट रुंदावते, दुसरी आवळते. जास्त जोर लावला की जास्त पीळ, म्हणून जास्त मदत. हात सैल सोडला की सळई सरळ, मदत बंद. पोलादाच्या एका काडीने माणसाच्या मनगटातली इच्छा ओळखायची, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

तर अशा दाबाचं तेल, वीस वर्षांचं रबर, आणि कुठेतरी एक फट. पहिला मोह होतो हात घालून चाचपायचा. तो आवरा. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून या दाबाने निघालेली धार कातडी भेदून आत शिरू शकते. गळतीचा संशय असलेल्या नळीपाशी पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा, बोट नाही.

मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर चढवली आणि खाली जाऊन म्हणाले, “साहेब, रॅक गेला. बुटावरून ठिबकतंय.” रॅक म्हणजे हजारोंचा खर्च. बूट म्हणजे रॅकच्या टोकाला बसवलेली, हार्मोनियमच्या भात्यासारखी रबरी टोपी. तेल तिच्यावरून ठिबकत होतं, हे खरंच होतं.

पण तेल जिथून ठिबकतं तिथूनच गळतं, असं कुणी सांगितलं? छताची गळती आठवा. पाणी कौलातून शिरतं एकीकडे, वाशावरून धावतं आणि टपकतं भलत्याच खोलीत. गाडीत तर त्यात वाऱ्याची भर, पळती गाडी तेलाला मागे लोटत नेते. म्हणून या शोधाचा नियम उलटा आहे: सर्वांत ओली जागा शोधायची नाही, सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधायची.

मी म्हटलं, बुटाची क्लिप काढून बघू या का? रॅकच्या आतलं सील फाटलं असेल तर तेल आधी बुटाच्या आतच साचायला हवं. क्लिप काढली. आत ठणठणीत कोरडं! म्हणजे तेल बाहेरून, वरून आलं होतं. मिस्त्रींनी मान हलवली आणि स्वतःच्याच डोक्यावर फडकं मारून घेतलं.

मग एक गंमत लक्षात आली. इंजिन चालू ठेवून, चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं, तर थेंबही नाही. दाब जास्त असताना गळत नाही आणि रात्रभर गाडी झोपली की गळतं? हे कसलं लक्षण?

इथे मिस्त्रींनी सगळं धुऊन, पुसून कोरडं केलं आणि टाकीत छोट्या बाटलीतला थोडासा रंग ओतला. गाडी फिरवून आणली, रात्रभर गॅरेजमध्येच ठेवली. सकाळी शटर अर्धं ओढून अंधार केला आणि अतिनील किरणांची टॉर्च पेटवली. सगळं इंजिन जांभळट काळोखात बुडालं आणि त्या काळोखात एक पोपटी धागा लखलखला.

आपल्या नोटा याच किरणांखाली धरल्या की त्यातले तंतू चमकतात, तसंच हे. रंगाचा रेणू डोळ्यांना न दिसणारा प्रकाश गिळतो, त्यातली थोडी ऊर्जा स्वतःकडे ठेवतो आणि उरलेली दिसणाऱ्या प्रकाशात परत फेकतो. या करामतीला जॉर्ज स्टोक्सने 1852 मध्ये फ्लुओरस्पार या खनिजावरून फ्लुओरेसन्स हे नाव दिलं.

पोपटी धाग्याचा माग उलटा काढत गेलो. बुटावरून वर आडव्या पट्टीवर, तिथून ब्रॅकेटवर, ब्रॅकेटवरून पंपाच्या पोटाशी, आणि पंपाला टाकीकडून येणारी नळी जिथे जोडली आहे तिथे धागा संपला. म्हणजे तिथेच सुरू झाला.

आणि कोडंही तिथेच उकललं. ही पंपाची ओढणारी बाजू. इंजिन चालू असताना इथे दाब नसतो, असते ती ओढ. आपण उसाचा रस स्ट्रॉने पितो आणि स्ट्रॉला चीर गेली असेल, तर रस बाहेर सांडत नाही, उलट हवा आत येते. इथेही तेच. दिवसा त्या फटीतून हवा आत जायची, तेलात मिसळून फेस करायची, आणि पंप ‘कुंईऽऽ’ करून ओरडायचा. रात्री ओढ थांबली की टाकीतलं तेल आपल्या वजनाने त्याच फटीतून झिरपायचं. फेस, आवाज आणि रात्रीची गळती, तीन तक्रारींचा एकच आरोपी.

तो आरोपी तळहातावर घेऊन पाहिला: करंगळीत घालता येईल अशी रबराची काळी अंगठी, ओ-रिंग. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या नील्स क्रिस्टेनसनला तिचं अमेरिकन पेटंट 1939 मध्ये मिळालं. तिची खुबी अशी, की खाचेत ती किंचित चेपलेली बसते आणि पुन्हा गोल व्हायच्या धडपडीतच फट बुजवून ठेवते. जास्त दाबाच्या जागी तर तेलच तिला कोपऱ्यात रेटून आणखी घट्ट बसवतं. पण वर्षानुवर्षं इंजिनची धग सोसली की रबर कडक होतं आणि धडपड सोडून देतं. माझ्या अंगठीची कड दोन्ही बाजूंनी सपाट झाली होती, नखाने दाबली तरी खड्डा पडेना.

नवी अंगठी दोन चहांच्या पैशांत आली. मिस्त्रींनी तिला तेलाचं बोट लावलं, बसवली, टाकी भरली, चाक वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून हवा काढली. आवाज गेला. रॅक अजून जुनाच आहे. गाडीखाली रोज रात्री एक पुठ्ठा सरकवतो, महिना झाला, कोरडा आहे.