कोष्टकरचना, संगणकीय

सांख्यिकीय आकडेमोडीची उत्तरे ओळी व स्तंभ यांत मांडून, त्यांना रेषा, टंक, रंग व अंतरे यांचे निश्चित रूप देऊन छपाईयोग्य दस्तऐवजात आज्ञावलीद्वारे उतरविण्याची पद्धती. ‘आर’ ही सांख्यिकीय संगणकभाषा व ‘पीडीएफ’ हा दस्तऐवजप्रकार यांच्या अनुषंगाने तिचे विवेचन येथे केले आहे.

गणन एकीकडे व जुळणी दुसरीकडे होत असल्यास आकडे हाताने उतरवावे लागतात. त्यात अंकांची अदलाबदल होते. मूळ आधारसामग्री दुरुस्त झाली, तरी कोष्टकात जुना आकडा तसाच राहतो. गणन व मांडणी एकाच आज्ञावलीत असल्यास दुरुस्तीनंतर ती पुन्हा चालविताच संपूर्ण कोष्टक नव्याने तयार होते. शोभेपेक्षा ही विश्वसनीयता हेच या पद्धतीचे मुख्य प्रयोजन होय.

इतिहास : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये ‘एस’ भाषेच्या कामास प्रारंभ केला. तिच्या धर्तीवर रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी न्यूझीलंडमधील ऑक्लंड विद्यापीठात आर भाषा विकसित केली, तिची १.०.० ही आवृत्ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. अडोबी कंपनीने १९९३ मध्ये पुढे आणलेला पीडीएफ हा प्रकार २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. डॉनल्ड नूथ यांची ‘टेक’ व तिच्यावर आधारित लेस्ली लॅम्पोर्ट यांची ‘लाटेक’ या जुळणीप्रणाली या दोहोंमधील दुवा ठरल्या. आर व लाटेक यांची सांगड घालणारी ‘स्वीव्ह’ ही प्रणाली फ्रीड्रिख लाइश यांनी २००२ मध्ये मांडली. तिच्या पुढची पायरी म्हणजे २०१२ च्या सुमारास आलेला यीह्वी शिए यांचा ‘नीटर’ हा आज्ञासंच होय.

रचना : आर भाषेसोबत मिळणाऱ्या ‘आयरिस’ या आधारसामग्रीत तीन जातींच्या प्रत्येकी ५० फुलांची मोजमापे आहेत. जातवार सरासरी काढली असता पाकळीची लांबी सेटोसा १.४६२, व्हर्सिकलर ४.२६० व व्हर्जिनिका ५.५५२ सेंमी. येते. नीटरमधील ‘केबल’ ही आज्ञा या उत्तरांचे साधे कोष्टक बनविते. ‘केबलएक्स्ट्रा’ हा पुरवणी संच त्यास पट्टे, स्तंभांची संयुक्त शीर्षके, तळटीपा व रंग जोडतो. याच कामासाठी ‘जीटी’ व ‘फ्लेक्सटेबल’ हे संचही वापरले जातात. सर्वांत मोठी सरासरी ठळक करावयाची असल्यास तिसरी ओळ निवडण्याऐवजी ‘महत्तम मूल्य असलेली ओळ’ असा नियम लिहितात. सामग्री बदलली, तरी ठळकपणा योग्य जागीच राहतो.

मात्र हा नियम संख्यांवर लावावयास हवा. दशांशस्थळे ठरविताना संख्येचे मजकुरात रूपांतर झाले, तर तुलना अक्षरक्रमाने होते व १० हे ९ पेक्षा लहान ठरते. म्हणून गणन, तुलना, पूर्णांकन व सजावट हाच क्रम पाळतात. दुसरा धोका चिन्हांचा आहे. टेकमध्ये शेकडेवारीच्या चिन्हापुढील ओळ शेरा समजून वगळली जाते. केबल आज्ञा अशा चिन्हांची तजवीज स्वतः करते. परंतु एखाद्या घरापुरती सजावट करण्यासाठी ही सोय बंद केली, की ती जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर येते.

पृष्ठावरील मांडणी : पीडीएफचे पृष्ठ ठराविक मापाचे असते व त्यावर अक्षरे व रेषा निश्चित जागी बसविलेल्या असतात. त्यामुळे स्तंभांची रुंदी आधीच ठरवावी लागते. लांब कोष्टक अनेक पृष्ठांवर विभागून प्रत्येक पृष्ठावर शीर्षओळ पुन्हा देतात. रुंद कोष्टक आडव्या पृष्ठावर घेतात. सर्व कोष्टक आक्रसून बसविण्याची सोय आहे, पण तीमुळे अक्षरे वाचनीयतेच्या मर्यादेखाली जाऊ शकतात. उभ्या रेषा टाळून वर, खाली व शीर्षओळीखाली आडव्या रेषा देणे आणि दशांशचिन्हे एकाखाली एक आणणे, हे चांगल्या मांडणीचे संकेत मानले जातात. केवळ रंगाने दाखविलेला भेद एकरंगी छपाईत व रंगांधळ्या वाचकास दिसत नाही. म्हणून त्याला ठळक टंकाची वा चिन्हाची जोड देतात.

देवनागरी कोष्टके : देवनागरीत ऱ्हस्व इकार संगणकात व्यंजनानंतर साठविला जातो व दिसतो मात्र त्याच्या आधी; जोडाक्षरांचीही रूपे बदलतात. जुन्या पीडीएफ-टेकमध्ये याची अंगभूत सोय नाही. ‘झीटेक’ किंवा ‘लुआटेक’ व युनिकोड देवनागरी टंक वापरल्यास मराठी शीर्षके शुद्ध उमटतात.

मर्यादा : डोळ्यांना दिसणारे कोष्टक पीडीएफमध्ये यंत्राला कोष्टक म्हणून ओळखता येतेच असे नाही. ओळी व स्तंभ यांच्या संरचनात्मक खुणा दस्तऐवजात घातलेल्या नसल्यास वाचून दाखविणाऱ्या यंत्रावर अवलंबून असलेल्या दृष्टिहीन व्यक्तीस आकडा कोणत्या शीर्षाखालचा हे कळत नाही, आणि संशोधकास आकडे परत काढणे जिकिरीचे होते. यास्तव महत्त्वाच्या कोष्टकासोबत मूळ आधारसामग्री व आज्ञावली उपलब्ध करून देणे इष्ट ठरते.